सासूबाईंना तेल, मला वाळू

पत्र : मी ४१ वर्षांची, मिरजेजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. सव्वा वर्षापूर्वी दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजायला लागली. रक्त तपासून डॉक्टरांनी ‘र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ सांगितला. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि सोबत फॉलिक ॲसिड सुरू झालं. सूज उतरली, पण दुसरा अख्खा दिवस मळमळीत जातो. जाऊबाईंनी एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, तासभर बोलले. झोप, भूक, पोट, पाळी, माहेरची माणसं, राग येतो का, सगळं विचारलं. तुमची वात-कफ प्रकृती आहे, त्या गोळ्या जड असतात, सगळ्यांना एकसारख्या देतात, तुम्हाला त्या मानवत नाहीत, म्हणाले. पुड्या दिल्या, दही-उडीद बंद केलं, सांध्यांना तेल अजिबात लावू नका, वाळूच्या पोटलीनं शेका असं सांगितलं. गंमत म्हणजे त्याच वैद्यांनी सासूबाईंना गुडघ्यांना रोज तेल लावायला सांगितलंय. एकाच घरात सांधेदुखीला दोन उलटी औषधं कशी? पुण्याची मैत्रीण होमिओपॅथी घेते, तिला तर विजेच्या कडकडाटाची भीती वाटते का, असं विचारलं. यजमान म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ. डॉक्टर वैद्यांचं नाव काढताच रागावले. मी तीन आठवडे गोळ्या घेतलेल्या नाहीत. घरी अजून कुणाला सांगितलं नाही. प्रत्येकाला वेगळं औषध, यात खरंच काही तथ्य आहे का? आणि वाळूचा शेक चालू ठेवू का? (नाव न छापण्याची विनंती)

ताई,

आधी तातडीचं. तीन आठवडे गोळ्या चुकल्यात हे उद्याच डॉक्टरांना फोन करून सांगा. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नका. पुन्हा किती डोसनं सुरू करायचं, आधी रक्त तपासायचं का, ते त्यांना ठरवू द्या. या आजारात हाडांची झीज बऱ्याचदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि झिजलेलं हाड परत भरून येत नाही. तुम्हाला सव्वा वर्ष झालंय, म्हणून घाई करायला सांगतेय.

मी २६ वर्षं एका हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत बसले. मेथोट्रेक्सेटचं पाकीट देताना त्यावर लाल पेनानं वार लिहायची, ‘फक्त सोमवारी’, आणि तो पेशंटकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. कारण आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. त्यांना दुसरीकडून मिळालेल्या पाकिटावर वार नव्हता. इतर गोळ्यांसारखी ही पण रोजची, असं समजून त्यांनी आठ दिवस ओळीनं घेतली. तोंडभर फोड, पाणी गिळता येईना. तेव्हा ‘या गोळ्या जड असतात’ हे तुमच्या वैद्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्या जड आहेतच. म्हणून तर आठवड्यातून एकदा घ्यायच्या, फॉलिक ॲसिड सोबत घ्यायचं आणि ठरावीक काळानं यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या करायच्या.

आता तेल आणि वाळू. ताई, या बाबतीत तुमच्या वैद्यांचं मला कौतुक वाटलं.

तुम्हा दोघींची ‘सांधेदुखी’ एक नाहीच. सासूबाईंच्या वयाला गुडघे दुखतात ते बहुतेक झिजेनं, म्हणजे आयुर्वेदात ज्याला संधिगत वात म्हणतात ते. तिथे कोरडेपणा मुख्य मानलाय, म्हणून तेल. तुमची बोटं सकाळी सुजून कडक होतात, दोन्ही हातांना एकदम होतात. या चित्राला वैद्यमंडळी आमवात म्हणतात. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात त्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. आमवातात ‘आम’, म्हणजे नीट न पचल्यामुळे अंगात साचलेला दोष, असेपर्यंत तेल लावायचं नाही, कोरडा शेक द्यायचा, त्यालाच वालुका स्वेद म्हणतात, हा जुना नियम. आधुनिक डॉक्टरही सासूबाईंना मेथोट्रेक्सेट देणार नाहीत आणि तुम्हाला नुसता गुडघ्याचा व्यायाम सांगून घरी पाठवणार नाहीत. म्हणजे तुम्हाला जे ‘उलटं’ वाटलं ते दोन वेगळ्या आजारांचं वेगळं औषध आहे. यात प्रकृतीचा मुद्दा अजून आलेलासुद्धा नाही.

तो वैद्यांच्या गोळ्यांबद्दलच्या वाक्यात आला, आणि तिथे माझं वैद्यांशी भांडण आहे. तुमची वात-कफ प्रकृती, म्हणून त्या गोळ्या तुम्हाला मानवत नाहीत, हे अनुमान खुद्द आयुर्वेदाच्या नियमात बसत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात रुग्ण कसा तपासायचा ते सांगताना दहा गोष्टी दिल्यात : प्रकृती, विकृती, सार (शरीराचा कस), संहनन (बांधा), प्रमाण (अंगाची मापं), सात्म्य (अंगवळणी पडलेलं), सत्त्व (मनाचं बळ), आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. प्रकृती ही दहातली एक. तिच्या लगेच मागे विकृती उभी आहे, म्हणजे प्रत्यक्ष बिघाड काय, किती खोल, किती वेगानं वाढणारा. तुमच्या बोटांच्या सांध्यांत काय चाललंय हे नाडीवरून सांगून भागत नाही. एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट हेही विकृती पाहण्याचंच साधन आहे. तासभर बोलणाऱ्या वैद्यांनी तुमची फाईल मागून पाहिली का? पत्रात तसा उल्लेख नाही. मला तरी तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

‘पुरुषं पुरुषं वीक्ष्य’, म्हणजे माणूस माणूस पाहून, हे चरकाचे शब्द बऱ्याच दवाखान्यांच्या भिंतीवर लावलेले दिसतात. पूर्ण श्लोक वाचला तर त्यात आधी वनस्पती कशा योजायच्या त्याचं ज्ञान येतं, मग देश आणि काळ येतात, आणि त्यानंतर माणूस. ती वैद्यावर टाकलेली मोठी जबाबदारी आहे. तिचा उपयोग दुसऱ्याचं औषध बंद करायला होऊ नये.

मग प्रकृती ही कल्पनाच पोकळ आहे का? मला तसं वाटत नाही. पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वैद्यांनी ठरवलेल्या प्रकृती आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी संबंधित एचएलए जनुकांतले फरक यांची सांगड लागते का, हे त्यांनी तपासलं आणि काही नातं दिसलं. योगायोग असा की र्‍हुमॅटॉइडचा धोका ज्या जनुकांमुळे वाढतो ती याच कुटुंबातली. पण जनुकांशी नातं दिसणं निराळं आणि तुमच्या पुडीनं सूज उतरणं निराळं. पहिल्यावरून दुसरं सिद्ध होत नाही. दुकानाच्या पाटीवर मात्र दोन्ही एकाच ओळीत येतं.

ताई, आता जरा अवघड गोष्ट सांगते, शांतपणे वाचा. ‘औषध माणसागणिक वेगळं’ या वाक्यात एक सापळा असू शकतो. गुण आला तर वैद्यांनी प्रकृती बरोबर ओळखली. नाही आला तर अजून नेमकं औषध सापडायचंय, नाहीतर तुमचं पथ्य चुकलं. दोन महिन्यांनी त्रास वाढला तर ‘आम बाहेर पडतोय’. असं झालं की औषध कधीच खोटं ठरू शकत नाही, खोटी ठरते ती दही खाल्लेली बाई. त्यात तुमचा आजार असा की तो आपणहून चढतो-उतरतो. माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती बहुधा सगळ्यात वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा तसाही थोडा बरा जाणार असतो. तो बरा आठवडा ज्याच्या पुडीवर पडतो त्याच्या नावावर जातो.

यावर काही वैद्य म्हणतात, आमचं औषध प्रत्येकाला वेगळं, त्यामुळे तुमच्या चाचण्या आम्हाला लागू होत नाहीत. हे खरं नाही, आणि ते खोडून काढणारा अभ्यास नेमका तुमच्याच आजारावर, आपल्याच देशात झालाय. कोईमतूरला ४३ र्‍हुमॅटॉइड रुग्णांचे तीन गट केले. एकाला आयुर्वेदिक औषधं, एकाला मेथोट्रेक्सेट, एकाला दोन्ही. वैद्यांना प्रत्येक रुग्ण पाहून हवं ते औषध निवडायची मोकळीक होती. मात्र हातात पडलेलं खरं औषध आहे की तसंच दिसणारं पोकळ औषध, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि सांधे तपासणाऱ्यालाही. ३६ आठवडे हे चाललं. २०११ मध्ये निकाल छापून आला, तिन्ही गटांची सुधारणा साधारण सारखी निघाली.

हे वाचून ‘म्हणजे गोळ्या बंद केल्या तरी चालेल’ असं मनात आलं असेल तर थांबा. हा पथदर्शी, म्हणजे आधी चाचपणी म्हणून केलेला छोटा अभ्यास होता. एका गटात बारा ते सतरा माणसं, त्यावरून सरसकट उपचार बदलता येत नाहीत. शिवाय तिथले वैद्य अनुभवी, औषधं तपासलेली, रुग्णांच्या रक्तावर सतत लक्ष. तुमच्या हातात आहे ती नाव नसलेली पुडी. त्या अभ्यासातून मी इतकंच घेते की माणूस पाहून दिलेलं औषधही तपासता येतं, आणि आयुर्वेदाची माणसं ते करायला तयार झाली. तुमच्या वैद्यांनीही तयार व्हावं.

होमिओपॅथीचं थोडक्यात सांगते. सॅम्युअल हानेमान यांनी दोनशे वर्षांपूर्वी ही पद्धत मांडली तेव्हापासून रुग्णाची बारीकसारीक लक्षणं टिपणं हा तिचा कणा आहे. विजेची भीती हे त्यांच्याकडे फॉस्फरस या औषधाचं लक्षण मानतात, म्हणून मैत्रिणीला तो प्रश्न आला. तिथली नेहमीची ३० पोटेन्सी, म्हणजे तीस वेळा पातळ करत नेलेलं औषध, घेतली तर मूळ पदार्थाचा एक रेणूही गोळीत उरण्याची शक्यता नसते. इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनच्या संशोधकांनी ८३ र्‍हुमॅटॉइड रुग्णांवर एक फार विचारपूर्वक अभ्यास केला. त्यांनी होमिओपॅथची सविस्तर मुलाखत आणि होमिओपॅथीचं औषध या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. काहींना मुलाखत मिळाली पण गोळी पोकळ, काहींना मुलाखतीशिवाय गोळी, असं. हे सगळे रुग्ण आपली नेहमीची औषधं घेतच होते. २४ आठवड्यांनी फायदा दिसला तो मुलाखतीचा. गोळीचा दिसला नाही.

तुमच्या यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा. ‘मनाचे खेळ’ म्हणून त्यांनी जे झटकून टाकलं त्यात तथ्य आहे, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. कुणीतरी तासभर बसून तुमची झोप विचारली, माहेर विचारलं, राग विचारला. सव्वा वर्षात तुम्हाला हे कुणी विचारलं होतं? सकाळी खडू धरता येत नाही म्हणून वर्गात मुलांना फळ्यावर लिहायला लावता का, पोळ्या कोण लाटतं, केस कोण बांधतं? दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईला असं कुणी विचारलं की तिचं दुखणं खरोखर हलकं होतं. तो गुण तुम्हाला आला असेल तर तो खराच आहे, त्याची लाज वाटून घेऊ नका. फक्त त्याचं श्रेय पुडीला देऊन गोळी सोडू नका. दुखणं कमी होणं आणि आतली सूज थांबून हाड वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी मुलाखतीनं होत नाही.

आता त्या पुड्यांकडे वळू. मी अशा शेकडो पुड्या उघडून पाहिल्यात. वर्तमानपत्राच्या चौकोनी घडीत तपकिरी चूर्ण, सुंठेचा वास, कधी चिमूटभर राखेसारखं काहीतरी चमकणारं. पेशंट विचारायचे, मॅडम यात काय आहे? मला नुसतं पाहून सांगता यायचं नाही आणि कुणालाच येत नाही. म्हणून वैद्यांकडून औषधांची नावं चिठ्ठीवर लिहून घ्या, खाली त्यांचा नोंदणी क्रमांक आणि सही. चांगला वैद्य हे हसत देतो. सिंहनाद गुग्गुळ, महारास्नादि काढा, एरंडेल, अशी काही नावं येतील, आमवातात ती नेहमीची आहेत. ‘हे आमचं घराण्याचं गुपित’ असं उत्तर आलं तर पुड्या परत करा. तुमच्या अंगात जाणाऱ्या गोष्टीचं गुपित तुमच्यापासूनच कसं ठेवायचं?

चिठ्ठीत दोन गोष्टी मुद्दाम शोधा. एक, रसौषधं, म्हणजे पारा वगैरे धातूंपासून केलेली औषधं. दुसरी, गुळवेल. कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. निरोप एकच, सगळ्यांना सरसकट. त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयानं पहिल्या नोंदीवर आक्षेप घेतला, मिळतीजुळती दुसरीच वेल घेतली गेली असेल असं त्यांचं म्हणणं होतं. वाद बाजूला ठेवू. तुमचा आजारच मुळी प्रतिकारयंत्रणा स्वतःवर उलटण्याचा, आणि तुमची गोळी यकृतावर ताण देणारी. माणूस पाहूनच औषध द्यायचं असेल तर तुमच्यासारख्या बाईला गुळवेल देताना वैद्यांनी दहा वेळा विचार करायला हवा.

आणखी एक खूण सांगून ठेवते. पुडीनं दोन दिवसांत जादू झाल्यासारखं दुखणं गेलं, भूक खवळली, महिन्याभरात चेहरा गोल दिसायला लागला, तर त्यात स्टेरॉइड मिसळल्याचा संशय धरा. मग ती मनानं बंदसुद्धा करू नका, एकदम थांबवण्यात धोका असतो. पुडीसकट डॉक्टरांकडे जा.

डॉक्टर रागावले, ते मला आवडलं नाही. पण ताई, ‘वैद्यांकडे गेले’ हे सांगण्याआधी तुम्ही त्यांना ‘मळमळ होते’ हे सांगितलं होतंत का? पत्रावरून वाटतं, नाही. खिडकीत बसून मी हे फार पाहिलं. बायका मळमळ वर्षभर सोसतात आणि मग एके दिवशी गोळीच सोडतात, डॉक्टरांना दोन्हीचा पत्ता नसतो. मळमळीवर उपाय आहेत. गोळ्या रात्री घेता येतात, त्याच दिवशी विभागून घेता येतात, फॉलिक ॲसिडचं प्रमाण बदलता येतं, आणि तेच औषध कातडीखाली टोचायच्या इंजेक्शनमधूनही मिळतं. ते नाहीच जमलं तर दुसरी औषधं आहेत. यांतलं काहीही स्वतः करू नका, पण सगळं विचारा. हेही माणसागणिक वेगळंच औषध आहे, ते मागितल्याशिवाय मिळत नाही इतकंच. पाळी चालू असेल तर गर्भधारणेबद्दलही त्यांच्याशी उघड बोला, मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहता कामा नयेत.

आत जाताना एक कागद न्या. वर लिहा, ‘मळमळ, तीन आठवडे गोळ्या बंद, वैद्यांची ही औषधं’. तो सरळ टेबलावर ठेवा. तोंडानं सांगताना आपण बिचकतो, कागद बिचकत नाही. याच कागदाची प्रत वैद्यांनाही द्या आणि सांगा, गोळी चालू राहणार, त्याच्या सोबत तुमच्याकडून काय घेता येईल ते सांगा. ‘आधी ती बंद करा, मगच’ असं म्हणाले तर तिथून उठा. पथ्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्री लवकर जेवणं, दही-उडीद बंद करून हलकं वाटत असेल तर करा. पण डाळ, दूध, अंडं सगळंच सोडून अंग वाळवू नका.

आणि एक वही घाला, शाळेचीच शंभर पानी चालेल. उठल्यापासून बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागली ते घड्याळ पाहून लिहा. मूठ पूर्ण मिटते का, अंगठी निघते का, किती सांधे सुजलेत, ते मोजा. डॉक्टरसुद्धा हेच करतात, त्यांच्या हिशेबात २८ सांधे असतात. दर महिन्याला सीआरपी किंवा ईएसआर (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) तपासला तर तो आकडा त्याच पानावर. पुडी सुरू केली तर तारीख टाका, बदलली तर तारीख टाका. सुरू करतानाच वैद्यांना विचारा, किती आठवड्यांत काय फरक दिसायला हवा आणि नाही दिसला तर आपण थांबायचं का? ते जे बोलतील ते त्यांच्यासमोर वहीत लिहा.

राहिला वाळूचा शेक. तो चालू ठेवा. जाड सुती फडक्यात वाळू बांधा, तव्यावर गरम करा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा आणि मग बोटांवर. सुजलेल्या बोटांना चटका बसायला नको. ज्या दिवशी सांधा लाल आणि हाताला गरम लागेल त्या दिवशी मात्र पोटली बाजूला ठेवा, त्या दिवशी गार पाण्याची घडी बरी. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या की पाकिटावर वार लिहा, लाल पेनानं, आणि तो सासूबाईंना वाचून दाखवा, म्हणजे घरात दोघींना माहीत राहील.